शिकत्या मुलांची पहिली नोकरी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी व पालक यांच्यासमोर केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून गुणवंतांचा सत्कार होतो, वधूवरांची यादी वाचली जाते, आणि कोणी ना कोणी विद्वान शिक्षणाचे महत्त्व सांगून जातो. यंदा कार्यकारी मंडळाने आमच्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या जुन्या शाळामास्तरास उभे केले आहे, आणि विषयही तसाच साधा नेमून दिला आहे. शिकत असता हॉटेलात, खानावळीत, बेकरीत अथवा मिठाईच्या दुकानात अर्धवेळ काम धरू पाहणाऱ्या मुलामुलींनी पहिल्या मुलाखतीची तयारी कशी करावी, हा तो विषय होय. तो ऐकताच मागल्या रांगेतील काही मंडळींस हसू आले. त्या हसण्याचा विचार आधी करू, मुलाखतीचा नंतर.

आपल्या समाजातील पुष्कळ घरे अद्याप कपाशी, तूर आणि सोयाबीन यांवर अवलंबून आहेत. दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा येथील मुले बारावीनंतर अमरावतीस किंवा अकोल्यास येतात आणि चौघे मिळून एक खोली घेतात. खोलीचे भाडे, खानावळ, महाविद्यालयाची फी आणि मोबाईलचा खर्च यांची बेरीज बापाच्या हिशेबात बसत नाही. मग एखादा समंजस मुलगा म्हणतो, “बाबा, मी संध्याकाळी चार तास काम धरतो.” यावर बाप काय म्हणतो? “आपल्या घरचा पोरगा लोकांची उष्टी काढणार? पाहुण्यांना कळले तर काय म्हणतील?” असे उत्तर देणारे पालक याच सभेत बसले आहेत. त्यांचा मुलावर लोभ नाही असे कोण म्हणेल? परंतु त्या उत्तराची थोडी तपासणी करणे आवश्यक आहे.

आपल्याच लग्नकार्यात काय होते ते आठवावे. पंगत बसली की याच ज्ञातीतील तरुण कमरेला पंचा बांधून वाढावयास उभे राहतात. भात, वरण, पुरी, बुंदी वाढतात, पाणी देतात आणि वेळ पडली तर पत्रावळीही उचलतात. त्या वेळी आपण कौतुकाने म्हणतो, “पोरे मोठी कामाची आहेत.” तेच काम त्याच मुलाने परक्याच्या दुकानी मोबदला घेऊन केले, की ते एकदम हलके ठरते! तेव्हा अडचण उष्ट्या ताटाची नाही; ते ताट कोणाचे, एवढीच आहे. ज्ञातीच्या व्यासपीठावरून हे बोलणे काहींस रुचणार नाही. परंतु ज्ञातीतच हे बोलले गेले नाही, तर दुसरे कोणी येऊन आपल्याला का सांगावे?

युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञात श्रीकृष्णाने उष्ट्या पत्रावळी काढल्या, ही कथा आपण कीर्तनातून ऐकत आलो. नाथांच्या घरी श्रीखंड्याने कावडीने पाणी वाहिले, हीही कथा आपल्याला पाठ आहे. पुराणांतील गोष्ट पुराणात राहू द्यावी असे कोणी म्हणेल, तर आपल्याच मातीतले उदाहरण घेऊ. श्रीसंत गाडगेबाबा १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मले आणि अकोला जिल्ह्यातील दापुऱ्यास मामाच्या घरी वाढले. म्हणजे हे दोन्ही जिल्हे त्यांचेच. गावात आल्यावर प्रथम हाती खराटा घ्यावयाचा, रस्ते झाडावयाचे आणि मग भाकरीकडे पाहावयाचे, हा त्यांचा नेम होता. १९५६ साली वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. त्यांचे नाव आपल्या विद्यापीठास दिलेले आहे. त्या विद्यापीठात शिकणाऱ्या मुलाने टेबल पुसले तर कुळाला कमीपणा येतो, हा न्याय आम्हांस तरी समजत नाही.

साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ साली सातारा येथे वसतिगृह सुरू केले. त्यात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, आपला स्वयंपाक आपण करीत, भांडी घाशीत, शेतात राबत आणि शिकत. १९२७ साली महात्मा गांधी तेथे आले होते. ‘कमवा व शिका’ हा शब्द आज महाविद्यालयांच्या माहितीपत्रकांत छापलेला आढळतो. त्याचे मूळ त्या वसतिगृहातील घामात आहे.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या ज्ञातिमंडळाने विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात उडुपी-मंगळूरकडील अनेक मुले मुंबईस येऊन हॉटेलांतून बश्या धूत असत. त्या किनाऱ्यावरील मोगवीर या कोळी समाजाच्या मंडळाने मुंबईत रात्रशाळा चालविली, आणि दिवसा राबणारी पोरे रात्री तेथे पाटी धरून बसली. माटुंग्यास १९४२ साली उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढणारे ए. रामा नायक यांनीही स्वयंपाकघरातील हलक्या कामापासूनच आरंभ केला होता. त्या मंडळींनी आपल्या मुलांस काम करू नका असे सांगितले नाही. कामानंतर शाळेची सोय करून दिली.

असो. आता मुख्य विषयाकडे वळू.

सर्वप्रथम वयाचा प्रश्न येतो, आणि येथे कोणी लबाडी करू नये. हॉटेले, ढाबे आणि चहाची दुकाने यांत १४ वर्षांखालील मुलास ठेवण्यास २००६ सालीच बंदी झाली. २०१६ च्या दुरुस्तीने ती बंदी सर्वच नोकऱ्यांस लागू झाली. १४ ते १८ या वयाच्या मुलास धोक्याच्या कामावर घेता येत नाही. शिवाय सायंकाळी ७ पासून सकाळी ८ पर्यंत त्यास कामावर ठेवता येत नाही. सलग ३ तासांनंतर एक तास विश्रांती, विश्रांती धरून दिवसाचे ६ तासांहून अधिक काम नाही, आणि आठवड्यातून एक पूर्ण सुटी, असा १९८६ च्या कायद्याचा दंडक आहे. आता हॉटेलाचा खरा धंदा रात्री ७ नंतरचा. तेव्हा १८ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय रात्रीच्या पाळीचे नाव काढू नये. मोठ्या कंपन्यांच्या पिझ्झा-बर्गरच्या शाखांतून बहुधा १८ वर्षांचा दाखला मागतातच. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने उन्हाळ्याच्या सुटीत मिठाईच्या दुकानी डबे बांधण्याचे, बेकरीत पावत्या फाडण्याचे किंवा दिवसाचे असेच एखादे हलके काम पाहावे. वय वाढवून सांगणारा मुलगा पहिल्याच दिवशी मालकापाशी खोटे बोलतो, आणि पुढे कमी पगार मिळाला तरी त्यास तक्रार करण्यास तोंड उरत नाही.

काम मागावयास केव्हा जावे, हेही शिकवावे लागते. नाश्त्याच्या हॉटेलात सकाळी ८ वाजता, गिऱ्हाईक पोह्यांवर तर्री मागत उभे असता, मालकाच्या पुढ्यात जाऊन “काम आहे का?” असे विचारणाऱ्याला “नाही” हेच उत्तर मिळणार. खानावळीत दुपारी १२ ते २ आणि रात्री ८ ते १० ही गर्दीची वेळ असते. दुपारी ३ ते ५ या वेळात मालक गल्ल्याशी जरा निवांत असतो; तेव्हा जावे. चार मित्रांचा घोळका बरोबर नेऊ नये. बापालाही आत नेऊ नये. बाप बाहेर रस्त्यावर उभा राहिला तर हरकत नाही. जाण्यापूर्वी एकदा त्या ठिकाणी गिऱ्हाईक म्हणून जाऊन यावे. गिला वडा, कचोरी, आलूपोंगा, कॉफी, जे काही तेथे मिळत असेल ते पाहावे, भावाचा फलक वाचून घरी येऊन वहीत लिहावा. “आमच्याकडे काय काय मिळते ते ठाऊक आहे का?” असे मालकाने विचारले आणि मुलाने दहा पदार्थ भावासह सांगितले, तर अर्धी मुलाखत तेथेच झाली.

पोशाखाबद्दल आई-बापांचा गैरसमज असतो की नवे कपडे घालावेत. नवे नकोत, धुतलेले हवेत. खाण्याच्या धंद्यात मालकाची दृष्टी मुलाच्या हाताकडे जाते. नखे कापलेली असावीत, नखांस रंग नसावा, केस लहान किंवा नीट बांधलेले असावेत. पायांत चपलेऐवजी बूट असावेत, कारण ओल्या फरशीवर आणि उकळत्या तेलाजवळ चप्पल घातक ठरते. अत्तर फासून जाऊ नये. मनगटावरील गंडे-दोरे आणि बोटांतील खड्यांच्या अंगठ्या कामाच्या वेळी उतराव्या लागतील. आजीने बांधलेला दोरा उतरविताना घरात वाद होईल, तो आधीच मिटवून घ्यावा. त्यात कणीक, तेल आणि मळ साचतो, एवढेच त्याचे कारण आहे. खाद्यपदार्थ हाताळणाऱ्या नोकराची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करावी, असा अन्नसुरक्षेचा नियमच आहे. त्या तपासणीची चौकशी मुलाने आपणहून केली, तर मालकास त्याचे निश्चित समाधान वाटेल.

येथे वऱ्हाडातील एका व्यसनाचा उल्लेख करणे भाग आहे. ते म्हणजे खर्रा. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली, पण पानठेल्यावर घोटलेला खर्रा मुलांच्या खिशात असतोच. लाल दातांनी “नमस्कार” म्हणणाऱ्या मुलास कोणता शहाणा मालक अन्नाजवळ उभा करील? ही सवय मुलाखतीच्या दिवशी तोंड धुऊन लपत नाही.

आता बोलण्याविषयी. आमच्या चाळीस वर्षांच्या अनुभवात खेड्यातील मुलांचे सर्वांत मोठे भय हेच, की “आपल्याले शुद्ध बोलता येत नाही.” मुलांनो, अमरावतीच्या राजकमल चौकात किंवा अकोल्याच्या टिळक रोडवर येणारे गिऱ्हाईक वऱ्हाडीच बोलते. “काकाजी, काय आणू?” असे तुम्ही मायेने विचाराल, तर ते पुण्याच्या वळणाच्या भाषेपेक्षा त्यास अधिक आवडेल. “मले काम पाह्यजे” असे म्हणण्यात काहीही गैर नाही. गैर आहे ते तोंडातल्या तोंडात पुटपुटण्यात आणि खाली पाहण्यात. हिंदी बोलण्याचा मात्र सराव ठेवावा, कारण या दोन्ही शहरांत अर्धा बाजार हिंदीत चालतो. कंपनीच्या दुकानात इंग्रजीत चार वाक्ये विचारतात. ती न आली तर “इंग्रजी थोडे येते, शिकतो आहे” असे सरळ सांगावे.

मालक काय विचारील? “काम कशासाठी पाहिजे?” यावर घरच्या गरिबीचे रडगाणे गाऊ नये. “फीचा आणि खानावळीचा खर्च स्वतः काढायचा आहे आणि हा धंदा शिकायचा आहे” एवढे पुरे. “आधी कुठे काम केले आहे का?” या प्रश्नाला मुले घाबरतात. आपण घरच्या लग्नात तीनशे पानांस वाढले असेल, शेतावर मजुरांचा चहा केला असेल, गणपतीच्या मंडळात महाप्रसादाची व्यवस्था पाहिली असेल, तर तेच सांगावे. तो अनुभव नव्हे तर काय? “परीक्षा आली की पळून जाशील!” असे मालक म्हणेल, कारण त्याला पूर्वी ताप झालेला असतो. त्यासाठी परीक्षेचे महिने आणि वर्गाच्या वेळा कागदावर लिहून न्याव्यात, आणि त्या काळात किती तास येता येईल ते आधीच कबूल करून घ्यावे. “गिऱ्हाईक रागावले तर?” आधी ऐकून घ्यावे, क्षमा मागावी, पदार्थ बदलून देण्याचा अधिकार आपला नसल्यास मालकास बोलवावे. उलट उत्तर करू नये, आणि खोटे आश्वासनही देऊ नये.

हिशेबाचा प्रश्न बहुधा येतो, आणि आमचा जीव तेथे रमतो. बिल १८५ रुपयांचे झाले, गिऱ्हाईकाने ५०० ची नोट दिली. परत किती? मुले लगेच मोबाईल काढतात. अहो, वजाबाकी करूच नका, चढत्या क्रमाने मोजा. १८५ आणि ५ झाले १९०, त्यावर १० झाले २००, त्यावर ३०० झाले ५००. म्हणजे ५, १० आणि ३०० मिळून ३१५. पैसे हातावर ठेवतानाही याच क्रमाने ठेवले, म्हणजे गिऱ्हाईकाचेही समाधान होते आणि चूक राहत नाही. नोट परत देईपर्यंत गल्ल्याबाहेर ठेवावी, नाहीतर “मी पाचशेची दिली होती” आणि “नाही, दोनशेची” हा तंटा अटळ. हल्ली बहुतेक लोक मोबाईलवरून पैसे देतात. त्यांच्या पडद्यावर हिरवी खूण दिसली एवढ्यावर विसंबू नये. दुकानाच्या खात्यात रक्कम आल्याची खात्री झाल्यावरच मान डोलवावी. घरी संध्याकाळी बापाने मालक व्हावे, आईने गिऱ्हाईक व्हावे आणि आठ दिवस हा खेळ खेळावा.

अकोल्याचे एक जुने हॉटेलमालक आमच्या परिचयाचे होते. नाव सांगत नाही. ते म्हणत, “मास्तर, मी प्रश्न विचारीतच नाही. पोराला म्हणतो, बाळ, जरा पाणी आण.” मग ते काय पाहत? पेल्यात बोटे बुडवून चार पेले एका मुठीत आणतो, की तळाशी धरून ताटात मांडून आणतो. पेला आधी विसळतो की नाही. पाणी देऊन तेथेच ताटकळतो की रिकामे पेले उचलून नेतो. वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा दारात आलेल्यास आधी पाणी द्यावे, हा आपल्या वऱ्हाडाचा रिवाज आहे. तो रिवाज ज्या घरात पाळला जातो, त्या घरच्या मुलाची या परीक्षेत निम्मी तयारी झालेलीच असते. आमच्या आयाबहिणींना विनंती आहे की मुलीप्रमाणे मुलालाही पाहुण्यांपुढे ताट घेऊन पाठवावे.

मुलाने मालकास काय विचारावे, याविषयी आपली मुले फार संकोच करतात. रोज किती तास, सुटी कोणत्या वारी, पगार किती आणि कोणत्या तारखेस, जेवण मिळणार काय, कपडे दुकानाचे की स्वतःचे, पेला फुटला तर कापून घेणार काय, हे सर्व नम्रपणे आणि पहिल्याच दिवशी विचारावे. “एक दिवस काम करून दाखव” असे कोणी म्हटले, तर त्या दिवसाचे पैसे मिळणार की नाही हेही विचारावे. हॉटेलच्या धंद्यातील किमान वेतन शासन ठरविते. सध्याचा दर कामगार कार्यालयात विचारून घ्यावा. नोकरी देतो म्हणून जो उलट पैसे मागतो, त्याच्या पायरीवरून तसेच परत यावे.

कागदपत्रांसंबंधी एक प्रसंग सांगतो. आपल्याच समाजातील एका मुलास एका दुकानदाराने कामावर घेतले आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला “जामीन म्हणून” ठेवून घेतला. दोन महिन्यांनी मुलास महाविद्यालयात दाखला हजर करावयाचा होता. मालक म्हणे, दिवाळीपर्यंत काम कर, मग देतो. प्रवेशाची मुदत तीन दिवसांवर आली, तेव्हा आपल्या मंडळाच्या दोन ज्येष्ठ सभासदांना घेऊन आम्ही तेथे गेलो. दोन तास बसलो. शेवटी “पोलिसांत लेखी अर्ज देतो” असे म्हटल्यावर दाखला बाहेर आला. मुलाचे वर्ष वाचले. म्हणून सांगतो : आधार कार्ड, गुणपत्रिका, दाखला, महाविद्यालयाचे ओळखपत्र, बँकेचे पासबुक हे सर्व दाखवावे, द्यावयाच्या त्या फक्त छायाप्रती. प्रत्येक प्रतीवर “नोकरीसाठी” असे लिहून तारीख घालावी. मूळ कागद कोणाच्याही कपाटात राहता कामा नये.

मुलींच्या बाबतीत पालकांनी अधिक सावध असावे, परंतु सावधपणाच्या नावाखाली तिला घरी बसवू नये. ते ठिकाण स्वतः पाहून यावे. तेथे दुसऱ्या स्त्रिया कामावर आहेत काय, स्वच्छतागृह वेगळे आहे काय, रात्री परत कोण आणणार, हे ठरवून घ्यावे. कामाच्या जागी स्त्रियांच्या छळाविरुद्ध २०१३ साली कायदा झाला आहे. १० किंवा अधिक नोकर असलेल्या ठिकाणी तक्रार समिती असावीच लागते, आणि लहान दुकानांसाठी जिल्ह्याची समिती असते. हे मुलीला पहिल्या दिवसाआधी ठाऊक असले पाहिजे. आणि तिने काही सांगितले तर घरच्यांनी प्रथम तिच्यावर विश्वास ठेवला पाहिजे.

पहिला पगार मुलाच्या स्वतःच्या खात्यात जावा. तो बापाने घेऊन घरखर्चात मिसळला, तर मुलाचा उत्साह दोन महिन्यांत संपतो. दिवसाचे चार तासांपेक्षा अधिक काम शिकत्या मुलाने घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मालक पाच हजारांचे सहा देतो म्हणून जो सकाळचा वर्ग बुडवितो, तो पुढे जन्मभर त्याच सहा हजारांत अडकतो. वर्गातील हजेरीचा कागद दर महिन्यास घरी दाखवावा, अशी अट पालकांनी खुशाल घालावी.

कार्यकारी मंडळाने आमची एक सूचना मान्य केली आहे. पुढील रविवारपासून सकाळी ९ ते ११ या वेळात मंडळाच्या कार्यालयात आम्ही बसू. ज्या मुलामुलींस कामासाठी जावयाचे आहे, त्यांची तोंडी तयारी आणि हिशेबाचा सराव तेथे करून घेऊ. अकोल्याकडील मुलांसाठी तेथील दोन सभासद भगिनींनी अशीच जबाबदारी घेतली आहे. येताना एक वही, पेन्सिल आणि आपल्या वर्गांचे वेळापत्रक आणावे. पालक आले तरी चालतील; मात्र प्रश्नांची उत्तरे मुलांनीच द्यावयाची आहेत.